आमच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप

२२ नोव्हेंबर १९८३, मंगळवार

चांदवडचं लग्न झकास झालं. नवरी आमच्या हिच्या, चांगुणाच्या चुलतभावाची मुलगी, म्हणून घरचंच कार्य. आमच्या नवप्रकाश ब्रास बँडनं वरात अशी काही नाचवली की नवरदेवाचा आजा काठी टाकून नाचला. माझं क्लॅरिनेट आणि निसारचं ट्रंपेट एकमेकांशी भांडत होती नुसती. रविवारी गेलो, आज दुपारी खुशीत परत आलो.

आणि दाराला कुलूप दुसऱ्याच कुणाचं!

आधी वाटलं आपण दार चुकलो. चौदा वर्षं राहिलेल्या घराच्या दारासमोर माणूस असा उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड कसं होत असेल, ते चांगुणाकडे बघून कळलं. मग अंगणात नजर गेली. खाट उलटी, भांड्यांची गोणी, बँडचे लाल कोट गाठोड्यात, आणि बड्या ढोलावर शेजारच्या भागीबाईची कोंबडी बसलेली. बाबासाहेबांची तसबीर तेवढी समोरच्या अण्णांच्या ओट्यावर, पुसून, भिंतीला टेकवून ठेवलेली. कुणी ठेवली कोण जाणे.

मालक भिकनशेठ कोपऱ्यावरच्या दुकानात बसला होता. म्हणाला, "मास्तर, कधीपासून सांगत होतो खोल्या सोडा म्हणून. तिथं व्हिडिओ सेंटर होतंय. आता बँडचे दिवस राहिले नाहीत."

मी त्याची गचांडी धरणार होतो, पण निसारनं मला आवरलं. त्यानं मला आवरलं आणि स्वतः हातोडा घेऊन आला. "धोंडीभाऊ, एक फटका. कुलूप खल्लास!"

चांगुणा दाराला पाठ लावून उभी राहिली. "कुलूप तोडलंत तर चोर आपण ठरू. हातोडा खाली ठेवा, भाऊ."

चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. त्यानं काहीतरी लिहून घेतलं आणि आम्हाला चहा पाजला. वाईट माणूस नव्हता.

आज निसारच्या घरी आहोत. त्याच्या बायकोनं, बिलकिसनं एका शब्दानं विचारलं नाही, भाजीत पाणी वाढवलं आणि चांगुणाला म्हणाली, "भाभी, माझी उशी घ्या, मला उशी लागतच नाही."

२४ नोव्हेंबर

देवळाली गावाच्या रस्त्यावर चिमाजीअण्णा भेटले. हे आमचे समोरचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आमच्या तालमीचा त्रास होतो म्हणून चौकीत दोनदा तक्रार केलेला माणूस. मला बघून थांबले आणि म्हणाले, "काय मास्तर, शांतता आहे सध्या."

जखमेवर मीठ! मी तोंड फिरवलं. ते मात्र तसेच उभे राहिले, काहीतरी सांगायचं असल्यासारखे. मी निघून आलो. असल्या माणसाशी काय बोलायचं.

मला पक्कं वाटतं, शेठला फूस यांनीच लावली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

आज नाशिकला वकिलाकडे गेलो. चांगुणा बालवाडीत शिकवते, तिथल्या कुठल्याशा मुलाच्या आईनं हे नाव सांगितलं म्हणे. मी समजत होतो काळा कोट, पांढऱ्या मिशा. निघाल्या यशोदाबाई! आमच्या लेकीपेक्षा, शकूपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. मी चांगुणाकडे पाहिलं, चांगुणानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी बँडच्या स्थापनेपासून सुरुवात केली. वकीलबाईंनी थोडं ऐकलं आणि मग चांगुणाला विचारलं, "शेवटचं घरात कधी होतात? कुलूप कधी दिसलं? कोर्टाचा हुकूम दाखवला का कुणी?"

चांगुणानं तीन वाक्यांत सांगून टाकलं. मला वाटतं, तिनं फार थोडक्यात सांगितलं.

मी म्हणालो, "पण बाई, घर त्याचं आहे. आणि भाड्याची पावती त्यानं कधी हातात दिली नाही. आमच्याकडे आहे काय?"

"घर कुणाचं हा प्रश्नच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "भाडेकरूला काढायचं तर मालकानं कोर्टात जायचं, कारण सांगायचं, हुकूम आणायचा. सामान बाहेर टाकून कुलूप लावायचा अधिकार मालकालाही नाही. आपण एवढंच सिद्ध करायचं, की घरात तुम्ही राहत होता आणि तुम्हाला तुमच्या मर्जीविरुद्ध बाहेर काढलं. सहा महिन्यांच्या आत दावा लावला, तर कोर्ट आधी तुम्हाला आत बसवतं. मालकाला मालकीचं भांडण भांडायचंय ना? नंतर भांडू दे."

मला हे फार आवडलं. म्हणजे कायदा आधी माणसाला आत घेतो, मग बोलतो.

"आणि कुलूप तोडू नका," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "छे छे, तोडायचं नाही हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय." चांगुणाला खोकला आला.

८ डिसेंबर

दावा दाखल झाला. आज न्यायाधीशांनी शेठला ताकीद दिली, की निकाल लागेपर्यंत त्या खोल्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत. आम्हालाही अजून आत जायला मिळणार नाही. म्हणजे ते व्हिडिओवाले बाहेर, आम्हीही बाहेर. आत फक्त उंदीर.

कोर्टातून येताना मिसळ खाल्ली. चांगुणा म्हणाली, जिंकल्यावर खायची होती. मी म्हणालो, जिंकल्यावर पुन्हा खाऊ.

२५ डिसेंबर

बिलकिसच्या घरी दोन चुली कशा मावतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. पण मावतात. निसार आणि मी गच्चीवर तालीम करतो. इथले शेजारी चांगले आहेत, कुणी तक्रार करत नाही. खालच्या मजल्यावरचा म्हातारा तर बहिराच आहे.

शकू आली होती सुरगाण्याहून. जावई तिकडे शाळेत आहेत. म्हणाली, "आई, चल ना तिकडे. घर मोठं आहे, हवा चांगली आहे. इथं दुसऱ्याच्या घरी किती दिवस?"

मला मोह झाला, खोटं का बोला. तिकडची हवा खरंच चांगली.

चांगुणा म्हणाली, "आज गेले की उद्या शेठ कोर्टात सांगेल, बघा, आपणहून गेले. मी नाशिक रोड सोडून कुठं येत नाही." मग शकूच्या केसांना तेल लावत बसली. रात्री बिलकिसजवळ रडली, असं निसारनं मला आज सांगितलं. माझ्यासमोर रडली असती तर मी काही बोललो नसतो का?

१६ जानेवारी १९८४

शेठचा जबाब आला. लिहिलंय, की आम्ही गणपतीतच खोल्या आपखुशीनं सोडून गेलो, सामान तेवढं मागं राहिलं होतं ते त्यानं "सांभाळून" बाहेर ठेवलं! आणि आमच्या वाजवण्यानं सगळी चाळ हैराण होती, सुटलो म्हणून लोक देवाला नारळ फोडत होते.

पहिली थाप चालेल. दुसरी माझ्या जिव्हारी लागली.

वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार हवेत. निसार चालेल, पण तो आपला माणूस. चाळीतलं कुणी हवं, ज्यानं तुम्हाला नोव्हेंबरात तिथं राहताना पाहिलंय.

म्हणजे सगळी चाळ! मी म्हणालो, उद्या दहा माणसं आणतो.

१९ जानेवारी

एकही माणूस आला नाही. पुंजा रिक्षावाला म्हणाला, "मास्तर, तुमच्यामागं माझा नंबर लागेल." भागीबाईनं तर दाराआडूनच सांगितलं, "दादा, मला लेकरांना घेऊन कुठं राहायचंय? राग नका मानू."

मी राग मानला. जिच्या मुलाच्या बारशाला आम्ही फुकट वाजवलं, ती ही भागीबाई! घरी येऊन बरंच बोललो. चांगुणा म्हणाली, "तिच्या जागी मी असते तर मी पण दाराआडूनच बोलले असते." आणि दुसऱ्या दिवशी भागीबाईच्या पोराला बालवाडीत रोजच्यासारखं मांडीवर घेऊन बसली. मी असतो तर कोपऱ्यात उभं केलं असतं.

३ फेब्रुवारी

चांगुणाचं मला हल्ली काही कळत नाही. अण्णांची बायको साळूबाई न्हाणीत पडली, तिचा पाय मुरगळला. तर ही बालवाडी सुटली की रोज तिकडे! तिला शेकायला, भाकरी टाकून द्यायला. ज्या माणसामुळे आपण रस्त्यावर आलो त्याच्या घरी भाकऱ्या?

विचारलं तर म्हणाली, "पाय साळूबाईचा मुरगळलाय, अण्णांचा नाही."

"अण्णा काही बोलतात का?"

"बोलतात. तुमची ती नवी चाल मधेच घसरायची म्हणाले."

बघा! घर गेलं, दार गेलं, तरी या माणसाचं समाधान नाही.

२० फेब्रुवारी

आज वकीलबाईंकडे एक गंमत झाली. त्यांनी विचारलं, समोरच्या अण्णांना आपला साक्षीदार म्हणून बोलवायचं का? मी जोरात हसलो. पण चांगुणा गंभीरपणे म्हणाली, "आपण नको बोलवायला. शेठच बोलवणार आहे त्यांना. बोलवू दे."

वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला खात्री आहे?"

"मी त्यांना काही सांगितलं नाही, काही मागितलंही नाही. पण त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, बाई. साळूबाईनं केलेली आमटी आवडली नाही, तर तेसुद्धा तिला तोंडावर सांगतात."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला आमटीचा संबंध लागला नाही. बहुतेक चांगुणा घाबरली असावी, म्हणून नको म्हणाली. मी तिला परत येताना धीर दिला.

१२ मार्च, सोमवार

माझी साक्ष झाली. छान झाली असं मला वाटतं. वकीलबाईंनी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. मी तेवढंच बोललो. फक्त शेठच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या वाजवण्याचा शेजाऱ्यांना त्रास व्हायचा?" तेव्हा मला राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, लोक कामं टाकून ऐकायचे. अंगणात गर्दी व्हायची. शंका असेल तर मी इथंच दोन मिनिटं..."

न्यायाधीश म्हणाले, "नको."

चांगुणाचीही साक्ष झाली. लगेच संपली. ती काही फार बोलत नाही.

२० मार्च, मंगळवार

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

शेठनं खरंच चिमाजीअण्णांना आणलं. धुतलेलं धोतर, काळी टोपी, सरळ ताठ. शेठ मागच्या बाकावर पान खाऊन आल्यासारखा खुश.

शेठच्या वकिलानं विचारलं, "वादीच्या बँडचा तुम्हाला त्रास होता?"

"भयंकर," अण्णा म्हणाले. "मी आयुष्यभर इंजिनाच्या शिट्ट्या ऐकल्या. पण इंजिन निघून तरी जातं."

कोर्टात हशा. मी खाली मान घातली.

"गणपतीत ते खोल्या सोडून गेले आणि त्रास थांबला. बरोबर?"

"चूक."

वकील दचकला. "म्हणजे? आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? त्रास थांबला असता तर दिवाळीत मी मनमाडला बहिणीकडे जाऊन कशाला राहिलो असतो? परत आलो तरी चालूच. हे लोक चांदवडच्या लग्नाला गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दिवेलागणीला, यांनी एकच चाल तीनदा वाजवली. तिसऱ्यांदा चुकले."

मी ताडकन उभा राहिलो. "चुकलो नव्हतो! निसारनं स्वर उशिरा लावला!"

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि ते हसत होते, हे मी शपथेवर सांगतो.

शेठचा वकील घाईनं बसला. मग आमच्या यशोदाबाई उठल्या. एवढंच विचारलं, "सामान बाहेर कसं आलं, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. सोमवारी शेठ दोन माणसं घेऊन आला, कुलूप तोडलं. मी विचारलं, कोर्टाचा कागद आहे का? तर म्हणाला, घर माझं आहे, कागद कसला? मी म्हातारा, अडवू शकलो नाही. बाबासाहेबांची तसबीर मातीत ठेवली होती, ती तेवढी उचलून माझ्या ओट्यावर आणली."

मी क्लॅरिनेट वाजवणारा माणूस, श्वास किती वेळ धरायचा हे मला कळतं. पण तेव्हा श्वास धरलाय हेच कळलं नाही.

बाहेर आल्यावर मी अण्णांच्या पाया पडायला वाकलो. ते मागं सरकले. "मास्तर, मी तुमच्या बाजूनं बोललो नाही. तुमचं वाजवणं मला आजही नको आहे. पण माणसाला असं घराबाहेर काढायचं नसतं. आणि मी पाहिलंय ते पाहिलं नाही असं कसं म्हणू?" मग म्हणाले, "त्या दिवशी रस्त्यात हेच सांगायला थांबलो होतो. तुम्ही तोंड फिरवलंत."

चांगुणा पुढं होऊन म्हणाली, "अण्णा, दुपारची तालीम बंद. झालं?"

"आणि रविवारची."

"रविवारची अर्धी."

बँड माझा आहे, याची दोघांनाही आठवण दिसली नाही.

९ एप्रिल, सोमवार

जिंकलो!

न्यायाधीशांनी वाचून दाखवलं: वादी घरात राहत होते, त्यांना कायद्याची वाट सोडून बाहेर काढलं, खोल्यांचा ताबा त्यांना परत द्यावा. वकीलबाई म्हणाल्या, या निकालावर शेठला अपील करता येत नाही. फार तर त्यानं मालकीहक्काचा वेगळा दावा लावावा, आणि तोही कोर्टातच.

मी कोर्टाच्या आवारातच नाचलो. निसारनं ट्रंपेट आणलं होतं, पण पोलिसानं डोळे वटारले. चांगुणानं यशोदाबाईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मिसळ खाल्ली. बिलकिससाठी बांधून आणली, तर ती म्हणाली, "आता तुम्ही जाणार," आणि रुसून बसली. मिसळ मात्र खाल्ली.

१४ एप्रिल, शनिवार

भीमजयंती. पहाटेपासून पाय टेकला नाही. लाल कोट घालून मिरवणुकीत असं वाजवलं, की ओठ सुजलेत. आमच्या चाळीवरून जाताना निसार म्हणाला, शेठच्या दुकानासमोर जरा जास्त वेळ थांबू. थांबलो. भागीबाई पोराला खांद्यावर घेऊन बाहेर आली, पुंजानं रिक्षा बाजूला लावून फेटा उडवला. शेठनं दुकानाचं दार ओढून घेतलं. मी मनात कुणाचं वाईट चिंतत नाही, पण त्याच्या दाराशी शेवटचं कडवं दोनदा वाजवलं.

२६ एप्रिल, गुरुवार

आज कोर्टाचा बेलिफ आला. साधा माणूस, हातात पिशवी, पायात झिजलेल्या चपला. शेठनं किल्ली द्यायला आढेवेढे घेतले. बेलिफ म्हणाला, "नाही दिलीत तर मला तोडायची परवानगी आहे." शेठनं निमूट किल्ली दिली.

दार उघडलं. कुबट वास. भिंतीवर व्हिडिओवाल्यांनी ठोकलेली फळी. चांगुणा चप्पल काढून आत गेली, खोलीच्या मधोमध जमिनीवरच बसली. मी म्हणालो, धूळ आहे. ती म्हणाली, "माझी आहे."

संध्याकाळपर्यंत सगळी चाळ झाडू घेऊन हजर. भागीबाईनं पाणी भरलं. साळूबाई लंगडत आल्या, पुरणपोळ्या घेऊन. चांगुणानं ती फळी काढू दिली नाही, म्हणाली चांगली आहे, डबे ठेवीन.

२ मे, बुधवार

सकाळी दारात एक बाई उभी. दमलेली, काखेत मूल, मागं नवरा गाठोडं घेऊन. नाव शकुबाई, आमच्या लेकीसारखंच, वडाळा नाक्याकडून चालत आलेली. काल मालकानं त्यांच्या खोलीचे पत्रे उतरवून नेले म्हणे, आपोआप निघून जातील म्हणून.

मी म्हणालो, "बसा. मीच तो धोंडीराम मास्तर. दावा मीच जिंकला."

बाईनं हात जोडले, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून आत. "चांगुणाताई इथंच राहतात ना? बालवाडीतल्या?"

चांगुणा ओले हात पुसत बाहेर आली. तिनं मूल घेतलं, त्याला आधी भाकरी-दूध दिलं. मग विचारू लागली. पत्रे नेताना कुणी पाहिलं? चूल अजून तिथंच आहे ना? मग नवऱ्यानं आता परत जायचं आणि तिथंच बसायचं, चादर बांधून, पण जागा सोडायची नाही. आपण दोघी यशोदाबाईंकडे जाऊ.

असं धडाधड बोलत होती. मी दारात उभा राहून ऐकत होतो. गेले सहा महिने मी हिच्या शेजारी होतो की दुसरीकडे कुठं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तिनं चपला घातल्या. मी विचारलं, "मी येऊ का?"

"या," ती म्हणाली. "पण तिथं बोलायचं मी."

मी गेलो. बसमध्ये मूल माझ्या मांडीवर झोपलं. वकीलबाईंच्या खोलीत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो, आणि खरंच एक शब्द बोललो नाही.